कास्तरोलच्या चषकातली आमची पांढरी

आमच्या मळ्यातली पांढरी वाइन प्यायल्यावर माणूस खरं बोलतो, असा माझा दावा नाही. माणूस गातो, एवढाच दावा आहे. आणि तो मी चर्चच्या पायपेटीवर हात ठेवून करतो, कारण ती पेटी मीच वाजवतो.

आता 'आमच्या मळ्यातली' म्हणताना मी जरा खाकरतो, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलेलं आहे. मळा माझ्या सासऱ्यांचा. वेली त्यांच्या, तळघर त्यांचं, बाटलीवरचं नावही त्यांचंच. मी पडलो घरजावई, आणि धंद्यानं विम्याचा माणूस. आमच्या वालमुरेत गावातल्या मळेवाल्यांना मी गारपिटीचा विमा विकतो, आणि गारा पडल्या की काही दिवस मागच्या दारानं घरी येतो. पण अभिमान ही अशी चीज आहे की तिला सातबारा लागत नाही. खाडीवरून खारं वारं येतं, खाली चुनखडीची जमीन, आणि त्यातून ही वाइन निघते: फिकट, हिरवट झाक असलेली, ओठाला हलकाच चिमटा काढून जिभेवर लिंबासारखी उजळणारी. ताजी असतानाच प्यायची. ती वर्षानुवर्षं साठवून ठेवणाऱ्या माणसाशी माझे सासरे ऑनोरे बोलत नाहीत.

तसे ते बऱ्याच जणांशी बोलत नाहीत, पण ते पुढे येईल.

गोष्ट सुरू होते फादर सेवेराँ यांच्या घशापासून. फादर मूळचे टोगोचे. ते आमच्याकडे येण्याआधी उपदेश ही आमच्या गावात डोळे मिटून छाटणीचा विचार करायची वेळ होती. फादर आले आणि पहिल्याच रविवारी त्यांनी दोन वाक्यं बोलून तिसरं गायलं. चौथं पुन्हा बोलले, पाचव्याला ध्रुवपद धरलं आणि ते आमच्यावर सोपवून खुशाल हात पसरून उभे राहिले! चर्चमध्ये अशी शांतता पसरली की मेणबत्तीचं मेण गळलेलं ऐकू आलं. मग कॅफेवाल्या जिनेतबाईंनी ते ध्रुवपद उचललं, आणि बघता बघता अख्खं वालमुरेत टाळ्या वाजवत होतं. मी पेटीवर त्यांच्या मागे धावत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आजवर देवाबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. त्या दिवशी देव मला ऐकू आला. हरवलेल्या मेंढराची कथा तुम्ही ऐकली असेल, पण डोंगरावर मेंढपाळ त्याला हाका मारतोय आणि लांबून ते बें करतंय, हे फादरच्या गळ्यातून ऐकल्याशिवाय ऐकली असं म्हणू नका.

असं सगळं रंगात आलेलं असताना, द्राक्षांची तोडणी आटोपल्यावर, फादरचा घसा बसायला लागला.

बसायला म्हणजे कसा? काळी चारमध्ये सुरुवात करायची आणि मेंढरू सापडायच्या आत काळी दोनवर यायचं. मी पेटीवर पट्टी उतरवून घ्यायचो, ते आणखी खाली जायचे. एका रविवारी तर ऐन मोक्याला आवाज असा फुटला की मेंढरू सापडलं की कोसळलं, ते लोकांना कळेना. गावात सल्ले सुरू झाले. कुणी मधाचा काढा सुचवला, कुणी गळ्याला लोकरी पट्टा. कालवं पिकवणारा झेफिरँ म्हणाला, "रोज सकाळी उपाशीपोटी कालवाचं पाणी." झेफिरँला विचाराल तर मोडलेल्या पायालाही कालवाचं पाणीच.

आमच्याकडे रविवारचं जेवण फादरना पाळीपाळीनं घालायची पद्धत आहे. आमची पाळी आली. टेबलाच्या डोक्याशी माझे सासरे. समोर कालवं, आणि प्रत्येकाच्या पेल्यात आमची पांढरी, पेल्याला दव धरलेलं.

"फादर, आवाज कुठे गहाण टाकलात?" सासऱ्यांनी विचारलं.

"कास्तरोलला, बाबा," फादर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तोडणीपासून तिथली मिस्सा आधी असते. तिथून निघतो तोच घसा चिकटलेला असतो."

कास्तरोल म्हणजे शेजारचं गाव; दोन्ही गावांना मिळून फादर एकच, आणि मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, वेदीवरच्या चषकातली वाइन पाद्री स्वतः पितो. फादरनी एक घोट घेतला. भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला. खाकरले. आणि जेवणानंतरची प्रार्थना त्यांनी अशी म्हटली की कपाटातल्या काचेच्या बशा किणकिणल्या. सासऱ्यांनी स्वतःचा पेला उचलून उजेडात धरला. स्वतःच्या नातवाचं नाव पेपरात छापून आलं की म्हातारी माणसं पेपर जसा धरतात, तसा.

मी ताडकन उठून स्वयंपाकघरात बायकोकडे गेलो. "ओदिल! कळलं तुला? कास्तरोलची वाइन गोड! मधासारखी जाड मस्कात! ती ह्यांच्या घशाला चिकटते. आपली वाइन घसा मोकळा करते. आपली वाइन वेदीवर जायला हवी!"

ओदिल बशा पुसत होती. ती थांबली. "एमे, तसं झालं तर बाबा आत येतील."

हे मात्र सांगायलाच हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी, संत विन्सेंटच्या सणाला, म्हणजे आम्हा द्राक्षवाल्यांच्या संताच्या सणाला, सासऱ्यांनी स्वतःची बाटली वेदीसाठी नेली होती. पांढरीच हवी असते ना. तांबडीनं वेदीवरची कापडं डागाळतात. तेव्हाच्या फादरनी ती चाखली, चेहरा आक्रसला आणि भर सभेत म्हणाले, "ऑनोरे, ही कालवांबरोबर ठीक आहे. देवाबरोबर नाही." सासऱ्यांनी बाटलीला बूच लावलं. म्हणाले, "माझी वाइन आत नाही, तोवर मी आत नाही." ते गेले ते गेलेच. दर रविवारी सासूबाईंना गाडीतून आणायचे आणि बाहेर चिनाराखाली उभे राहायचे. सासूबाईंच्या अंत्यविधीलाही ते उंबऱ्याच्या बाहेर टोपी हातात धरून उभे होते. ते फादर कधीच देवाघरी गेले; तिथे त्यांना कुठली वाइन देतात कोण जाणे. पण शपथ इथेच राहिली.

"आई गेली त्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी होती," ओदिल म्हणाली. "त्या जागेवर बाबा बसलेले मला एकदा बघायचेत."

मग काय, मी कंबर कसली.

बिशपांच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. "वाइन द्राक्षांचीच आहे ना?"

"मादाम, दुसरी कशाची असते?"

"ते तुम्ही लिहून द्यायचं. शुद्ध आहे, बाहेरचं काही घातलेलं नाही, बिघडलेली नाही. मळ्याच्या मालकाच्या सहीनं."

मी हे मळ्याच्या मालकाला सांगितलं. ते वेल छाटत होते. कात्री थांबली.

"माझी वाइन द्राक्षांची आहे, हे मी लिहून देऊ?"

"नुसती एक सही, बाबा."

"उद्या ओदिल माझीच मुलगी आहे हे लिहून मागतील. परवा तू माझा जावई आहेस हे. ते तर मी मुळीच लिहून देणार नाही!"

शेवटी फादर सेवेराँ स्वतः आले, तळघरात फिरले, पिंपांना कान लावले, आणि म्हणाले, "लिहितो मी. साक्षीदार म्हणून लिहितो. मी ती नुसती बाहेरूनच बघितलीय असं थोडंच आहे? प्यायलोय." माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. असा पाद्री लाभायला पूर्वजन्मीचं नाही तरी पूर्वजांचं काही पुण्य लागतं.

परवानगी आली. गावात बातमी फुटली. ती मीच फोडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेकरीत, पोस्टात, हजामाकडे मी छाती काढून सांगत सुटलो: "ह्या रविवारी ऐका आवाज!" जिनेतबाई काउंटर पुसता पुसता म्हणाल्या, "एमे, थंड करून द्या बरं का. तुमची पांढरी कोमट प्यायची म्हणजे शिक्षा. कॅफेत मी कोमट दिली तर गिऱ्हाईक पेला माझ्या तोंडावर मारेल."

हे मला इतकं पटलं की मी घात करून घेतला. रविवारी सकाळी चर्चमध्ये लवकर गेलो, बाटली कुठे थंड करावी बघू लागलो. फ्रिज तिथे नाही. पण दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड! जाड दगड, आत गार पाणी, वर लाकडी झाकण. ह्याहून पवित्र गारवा कुठे मिळणार? बाटली आत सोडली, झाकण लावलं, आणि पेटीशी जाऊन सूर लावत बसलो.

त्या दिवशी बाप्तिस्मा होता, हे मला माहीत नव्हतं. असायला हवं होतं, कारण वाजवायची भजनं आदल्याच दिवशी माझ्या हातात दिलेली होती.

मिस्सेच्या सुरुवातीलाच पांढऱ्या कपड्यातलं बाळ घेऊन सगळं कुटुंब कुंडाभोवती जमलं. झाकण उघडलं. आणि बाळाची आजी, बाहेरगावची बाई, आत वाकून बघत मोठ्यानं म्हणाली, "आमच्याकडे ह्यासाठी पाणी वापरतात."

चर्च हसलं. हसलं म्हणजे बाकं हलली. झेफिरँ मागून ओरडला, "मुलाला कालवाचं पाणी द्या, अजून वेळ गेलेली नाही!" फादरनी शांतपणे बाटली बाहेर काढली, कफनीला पुसली आणि वेदीकडे पाठवली. मी पेटीमागे इतका खाली वाकलो की पुढच्या रांगेला वाटलं, आज पेटी आपोआप वाजतेय.

आणि बाहेर, चिनाराखाली, सासरे उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून. वाइन चषकात ओतली, की ओदिल दारात येऊन खूण करणार आणि ते आत येणार, असं ठरलेलं होतं.

मग उपदेश सुरू झाला. लोकांनी कान टवकारले. फादरनी काळी चारला हात घातला आणि... काळी दोन. काळी एक. मग नुसतीच खरखर. मेंढरू त्या दिवशी सापडलंच नाही.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी पुटपुटलं, "ही म्हणे घसा उघडते." ते दारातून बाहेर गेलं. चिनारापर्यंत पोचलं. गाडीचा दरवाजा धाडकन लागलेला मला पेटीच्या वर ऐकू आला.

गंमत पुढेच आहे. मिस्सेच्या शेवटच्या गीताला, निम्मी माणसं जेवणाच्या ओढीनं बाहेर पडलेली असताना, फादरचा आवाज घुमटापर्यंत गेला. काळी चार नव्हे, पाच! मी चक्रावून पेटी दाबत राहिलो.

घरी सासरे एवढंच म्हणाले, "जावईबापू, उरलेल्या बाटल्या परत आणा. माझ्या वाइननं घसा बसतो असं गाव म्हणतंय. ती आत नको. आणि मीही नको."

ओदिल माझ्यासमोर येऊन बसली. "एमे, तू इतकी वर्षं पेटी वाजवतोस. मला सांग, मिस्सेत आधी काय येतं? उपदेश की चषक?"

मी बोटांवर मोजलं. उपदेश आधी येतो. मग फादर चषकातली वाइन पितात. लहान पोरालाही माहीत असतं. आमच्या चषकातली वाइन आमच्या उपदेशाला कशी उपयोगी पडणार? ती फार तर शेवटच्या गीताला पडणार, आणि तशी ती पडली. फादर आमच्याकडे गायला उभे राहतात ते कास्तरोलचा चषक पिऊन! म्हणजे आमचा उपदेश सुधारायचा तर आमची वाइन जायला हवी कास्तरोलच्या वेदीवर. माझ्या बुद्धीची मला लाज वाटावी, तर तेवढ्यात तिचा अभिमानही वाटू लागला, कारण हा निष्कर्ष मी ओदिलच्या आधी मोठ्यानं उच्चारला.

कास्तरोल आमच्यापासून डोळ्यांच्या टप्प्यात आहे, आणि तेवढंच आम्हाला पुरे होतं. त्यांची वाइन गोड, आमची आंबटसर. त्यांना आमची वाइन म्हणजे कालवं धुवायचं पाणी, आम्हाला त्यांची म्हणजे पाक. चर्चची सगळी सूत्रं तिथे लेओंतीनबाई पुजाद यांच्या हातात. मी टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. टोपी हातात घेतली नव्हती, वाऱ्यानं उडवून खाडीत नेली होती, पण नम्रतेचा परिणाम तोच.

मी सगळं समजावलं. बाईंनी दाराची फट तेवढीच ठेवली.

"म्हणजे आमच्या चषकात तुमची वाइन, आणि चांगला उपदेश तुमच्या गावात?"

"अं... म्हटलं तर तसं."

"आमच्याकडे फादर ताजे असतात. आमचं मेंढरू दर रविवारी सापडतं. आमचं काय अडलंय?"

बाईंनी दाराची फट आणखी कमी केली.

"आणि तुमचे सासरे," त्या म्हणाल्या. "जत्रेत आमच्या मस्कातला खोकल्याचं औषध म्हणाले होते. भर चौकात. माझे वडील शेजारी उभे होते. त्यांनाच येऊ दे. जावयाला काय पाठवतात?"

दार लागलं. विमा विकणाऱ्याला दारं लागण्याची सवय असते, पण बिनटोपीचं परत येणं वेगळं.

सासऱ्यांना हे मी सांगणारच नव्हतो. ओदिलनं सांगितलं. मला वाटलं, आता भांडी फुटणार. पण त्यांनी कात्री पुसून खाली ठेवली. मग उठले आणि अंत्यविधीचा कोट घातला. बगलेत एक बाटली. "गाडी काढ," मला म्हणाले. "आणि तोंड उघडू नकोस."

लेओंतीनबाईंनी दार ह्या वेळी पूर्ण उघडलं. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे. मी गाडीशी, तोंड मिटून.

"औषध न्यायला आलात?" बाई म्हणाल्या.

"लेओंतीन, सौदा करायला आलोय. माझी पांढरी तुमच्या चषकात. तुमची गोड आमच्या."

बाईंचा हात कमरेवरून खाली आला. "आमची मस्कात? वालमुरेतच्या वेदीवर?"

"वालमुरेतच्या. माझ्या गावात, माझ्या नाकासमोर. जा, तुझ्या वडिलांच्या थडग्यावर जाऊन सांग. मी काय म्हणालो होतो तेही सांग, आणि आज काय म्हणतोय तेही."

बाईंनी आतून दोन पेले आणले. आमची पांढरी उघडली, घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. "अजून तशीच आहे ही. चावते."

"तूही," सासरे म्हणाले.

मी शपथेवर सांगतो, लेओंतीनबाई हसल्या.

परतताना मला राहवलं नाही. "बाबा, पण मग आपल्या वेदीवर त्यांची वाइन! तुमची शपथ! तुम्ही आत कसे येणार?"

"तुला तोंड उघडू नकोस म्हटलं होतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुढे म्हणाले, "माझ्या वाइननं घसा बसतो असं गाव म्हणतंय. ते आधी धुवायचंय. माझं नंतर बघू."

ओदिलनं बाबांच्या कोटाला इस्त्री केली. मी पेटीची धूळ झाडली.

संत विन्सेंटचा रविवार उजाडला. उत्तरेचा वारा असा की चिनार वाकून नमस्कार करत होते. फादर कास्तरोलहून आमची पांढरी घेऊन आले, म्हणजे घशात घेऊन. आमच्या वेदीवर कास्तरोलची मस्कात सोनेरी चमकत होती, आणि तिला सोबत म्हणून लेओंतीनबाई स्वतः पहिल्या रांगेत. सगळं गाव त्या बाटलीकडे घरात घुसलेल्या परक्या मांजरासारखं बघत होतं. सासरे बाहेर. दाराचा एक पल्ला वाऱ्यानं उघडा पडलेला, आणि त्यात त्यांचा अंत्यविधीचा कोट दिसत होता.

फादर उभे राहिले. संत विन्सेंटची कथा लावली. छळाची, अंधारकोठडीची. दोन वाक्यं बोलले आणि तिसरं गायले.

मी काय सांगू? कोठडीचं दार उघडलेलं आम्ही ऐकलं. तुरुंगात फुलं पसरलेली ऐकली. काळी चार होती, पाच झाली, आणि मग मी पेटीच्या पट्ट्यांचा नाद सोडून नुसता भाता हाणत राहिलो, कारण तो आवाज आता पेटीला सापडण्यातला नव्हता. स्वच्छ! धारदार, आणि तरी हसरा. ध्रुवपद आलं तसं लेओंतीनबाईंनीच ते आधी उचललं, आणि वालमुरेतला कमीपणा नको म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांच्याहून चढा आवाज लावला.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि वेदीजवळच्या निम्म्या मेणबत्त्या गेल्या.

"ऑनोरे!" जिनेतबाई ओरडल्या. "आत या नाहीतर दार लावून घ्या! मेणबत्त्या विझतायत!"

फादर थांबले. सगळे वळले. सासरे उंबऱ्यावर उभे होते, एक हात दारावर.

"कसा येईल तो?" झेफिरँनं चेष्टेनं हाक दिली. "वेदीवर आज कास्तरोलची आहे! शपथ आहे त्याची, विसरलात?"

सासऱ्यांनी टोपी काढली. ते आधी फादरकडे बघत राहिले, मग झेफिरँकडे वळले.

"वेदीवर कुणाची आहे, ते त्या लेओंतीनला विचार," ते म्हणाले. "गळ्यात कुणाची आहे, ते ऐकू येतंय ना तुला? माझी वाइन आत आहे."

आणि त्यांनी आत येऊन दार लावलं. मधल्या वाटेनं सावकाश चालत आले आणि ओदिलच्या शेजारी बसले. फादरनी ध्रुवपद पुन्हा धरलं. सासऱ्यांनी इतक्या वर्षांत ते कधी आतून ऐकलेलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं आणि ठार बेसूर, ते गाऊ लागले. मी पेटीची पट्टी बदलली आणि त्यांच्या सुरात मिळवली.